पाय आधी जातात

वय झालेल्या बॉक्सरची लढत ठरली की तिच्या आधी दुसरीच एक लढत सुरू होते. ती चहाच्या टपरीवर होते, डबा खाताना होते, मेट्रोत दांड्याला लोंबकळताना होते. तिला घंटा नसते, फेऱ्या नसतात, पंच नसतात, त्यामुळे ती संपतही नाही. एक बाजू म्हणते, आता ते दिवस गेले. दुसरी म्हणते, हेच तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात. दोघांकडे पुरावे असतात आणि गंमत म्हणजे बहुतेक पुरावे खरे असतात. मी दिल्लीत अशा एका वादात २०१९ सालातले शेवटचे तीन महिने घालवले. वाद होता मेरी कोमचा. निखत झरीनविरुद्धच्या निवड चाचणीत ती टिकेल का, एवढाच प्रश्न होता. निदान सुरुवातीला तरी एवढाच होता.

आमचं कार्यालय आयटीओच्या बाजूला. तिथून यमुनेच्या दिशेनं चालत गेलं की इंदिरा गांधी क्रीडा संकुल येतं. कार्यालयामागच्या टपरीवर रोज चार वाजता आमचा अड्डा जमायचा. त्यात टपरीशेजारी झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. भिवानीचे, सत्तरीला टेकलेले. सगळे त्यांना ताऊ म्हणत. तरुणपणी ते एका सरकारी खात्याच्या संघाकडून बॉक्सिंग खेळले होते. विजेंदर सिंगनं २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून ‘भिवानी’ हा शब्द उच्चारताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. दुसरा आमच्याच विभागातला निझामाबादचा मुलगा. निझामाबादला नांदेड लागूनच, त्यामुळे त्याला मराठी कळायचं; बोलायचा मात्र हैदराबादी हिंदी. निखत त्याच्या गावची. तिसरी मणिपूरहून आलेली, हिशेब विभागातली मुलगी. ती मला दीदी म्हणायची. आणि चौथी मी, कराडकडची, पंचवीस वर्षं दिल्लीत मुरलेली. चौघांची चार भाषा आणि सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी हिंदी. वादाला तेवढी पुरते.

वादाला तोंड फुटलं ऑक्टोबरमध्ये. रशियातल्या उलान-उदेला झालेल्या जागतिक स्पर्धेत मेरीला ५१ किलो गटात कांस्यपदक मिळालं. उपांत्य फेरीत तुर्कस्तानच्या बुसेनाझ चाकिरोग्लूनं तिला हरवलं होतं. त्यानंतर ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरीलाच थेट पाठवण्याचा विचार महासंघाच्या अध्यक्षांनी बोलून दाखवला. निखतनं सरळ क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं: मला मेहेरबानी नको, चाचणी हवी. अभिनव बिंद्रानं तिची बाजू घेतली, मेरी चिडली, आणि दोन्हीकडच्या बातम्या आमच्या टपरीवर रोज चहाबरोबर येऊ लागल्या. शेवटी डिसेंबरच्या अखेरीस चाचणी घ्यायचं ठरलं.

आता आकडे पाहा. मेरी तेव्हा पस्तिशी उलटलेली, मुलांची आई. सहा वेळा जागतिक विजेती: २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि मग आठ वर्षांनी २०१८. निखत तेवीस वर्षांची, २०११ ची ज्युनियर जागतिक विजेती. मेरीनं पहिलं जागतिक विजेतेपद जिंकलं तेव्हा निखत सहा वर्षांची होती. हा शेवटचा आकडा निझामाबादचा मुलगा दर दोन दिवसांनी सांगायचा. मग मणिपूरची मुलगी त्याला मे महिन्याची आठवण करून द्यायची. मे २०१९ मध्ये गुवाहाटीच्या इंडिया ओपनमध्ये दोघी समोरासमोर आल्या होत्या आणि मेरीनं ४-१ अशी बाजी मारली होती. “सात महिन्यांत काय म्हातारी झाली?” ती विचारायची. “म्हातारपण सातच महिन्यांत येतं,” तो म्हणायचा. “एके दिवशी नसतं, दुसऱ्या दिवशी असतं.”

ताऊ आधी ऐकून घ्यायचे. मग चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवून म्हणायचे, “टांगें पहले जाती हैं, बेटी.” पाय आधी जातात.

याचा अर्थ त्यांनी मला बसल्या जागी समजावून दिला. बघणाऱ्याचं लक्ष हातांवर असतं, पण बॉक्सिंग पायांवर चालतं. ठोशाची ताकद पावलापासून वर येते. अंतर राखायचं असेल, आत शिरायचं असेल, मारून बाजूला सरकायचं असेल, सगळं पायांचं काम. वय वाढलं की ताकद फार उशिरा जाते, डोक्यातला हिशेब तर वाढतच असतो. पण पाय अर्ध्या क्षणानं मागे पडतात. ज्या जागी आपण पोचलो असं डोकं समजतं, तिथं पाय अजून पोचलेले नसतात. मेरी डावखुरी. समोरचीला आधी हात टाकू द्यायचा, तो चुकवायचा आणि त्याच क्षणी उलटा ठोसा द्यायचा, अशी तिची पद्धत. ही सगळी टायमिंगची कमाई. टायमिंगवर जगणाऱ्याला वय आधी गाठतं, असं ताऊंचं म्हणणं.

त्यात वजनाचा मुद्दा. मेरी मुळात लहान चणीची. पहिलं जागतिक विजेतेपद तिनं ४५ किलो गटात मिळवलं, पुढची ४६ आणि ४८ मध्ये. पण २०१२ मध्ये महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा सगळ्यात हलका गट ५१ किलोचा होता. टोकियोतही तेच. म्हणजे ऑलिंपिक खेळायचं तर आपल्याहून थोराड मुलींशी खेळायचं. बाकीचे खेळाडू वजन उतरवून रिंगणात येतात, ही वजन वाढवून येत होती. लंडनला तिनं तसंच कांस्यपदक आणलं. पण तेव्हा पाय तरुण होते. थोराड प्रतिस्पर्ध्यापासून दूर राहायला पायच लागतात, आणि आता तेच जाणार, असा हा पेच.

मग अनुभवाच्या बाजूनं काय? तेही ताऊंनीच सांगितलं, कारण त्यांना वादात जिंकण्यापेक्षा वाद नीट व्हावा याची काळजी असायची. तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या. एवढ्याशा वेळात दम पुरवून कसा वापरायचा, हे जुन्या खेळाडूला कळतं. नवीन मुलगी पहिल्या फेरीत रागानं खेळते. पत्रं, बातम्या, गावाची इज्जत सगळं मुठीत घेऊन येते. जुनी तिला येऊ देते, मिठी घालून थांबवते, पंचांना दिसेल असे दोन स्वच्छ ठोसे मारते आणि बाजूला होते. “निखत जास्त मारेल,” ताऊ म्हणाले, “पण मेरीचे लागतील.” हे ऐकून निझामाबादचा मुलगा दोन दिवस टपरीवर आला नाही.

अशा प्रत्येक वादात केव्हातरी जॉर्ज फोरमन येतो. वयाच्या खेळात तो हुकमाचा एक्का. १९७४ मध्ये किन्शासात अलीकडून हरलेला, १९७७ मध्ये खेळ सोडलेला, दहा वर्षांनी परतलेला फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ ला लास व्हेगासमध्ये उतरला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. समोर सव्वीस वर्षांचा जगज्जेता मायकेल मूरर. नऊ फेऱ्या फोरमन मार खात होता, गुणांत मागे होता. दहाव्या फेरीत त्याचा एक उजवा हात लागला आणि मूरर खाली गेला. त्या रात्री फोरमननं वीस वर्षांपूर्वी अलीविरुद्ध घातलेलीच चड्डी घातली होती. गोष्ट इतकी सुरेख आहे की तिच्यापुढे पुरावे मागायला जीभ उचलत नाही. मीच ती टपरीवर सांगितली आणि अर्थातच मेरीच्या बाजूनं सांगितली.

ताऊंनी मान डोलावली आणि विचारलं, “और अली?”

अली मला चांगलाच माहीत होता. माझ्या वडिलांचा जीव कुस्तीत, पण त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून अलीचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला असायचा. १९८० च्या सुरुवातीला अली भारतात येऊन गेला होता. त्याच्या बातम्यांनी आमच्या आळीतल्या तालमीतसुद्धा बॉक्सिंगचं वारं शिरलं होतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो लास व्हेगासमध्ये लॅरी होम्सविरुद्ध उतरला. होम्स एके काळी त्याच्याच सरावातला जोडीदार. अली अडतीस वर्षांचा होता, दोन वर्षं रिंगणाबाहेर होता. पण त्यानं वजन उतरवलं होतं, पिकलेले केस काळे केले होते आणि फोटोत तो थेट जुना अली दिसत होता. वडील आणि त्यांचे तालमीतले मित्र पारावर बसून दिवसेंदिवस हुज्जत घालत. बहुतेकांचं म्हणणं, अली तो अलीच. निकालाचं वर्तमानपत्र आलं त्या दिवशी मात्र कोणी बोललं नाही. दहा फेऱ्यांत अलीनं एकही फेरी जिंकली नव्हती. दहावी संपल्यावर अँजेलो डंडीनं लढत थांबवली. मधे होम्सच पंचांकडे बघत होता, थांबवा म्हणून. त्यानंतरही डिसेंबर १९८१ मध्ये बहामात अली आणखी एकदा उतरला आणि हरला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचं निदान झालं.

फोरमनची गोष्ट सगळे सांगतात, अलीची त्याच चवीनं कोणी सांगत नाही. चाहत्यांची स्मरणशक्ती अशीच निवडक असते. अपवाद लक्षात राहतो, कारण अपवादातच आपल्याला जागा मिळते.

आणि मला जागा हवी होती, हे सांगायला हवं. त्या हिवाळ्यात मी खात्याची बढतीची परीक्षा देणार होते. वय सेहेचाळीस. घरात, नातेवाइकांत, कार्यालयात सगळ्यांचं एकच वाक्य: आता काय करायचंय? पुरुषाला हे वाक्य साधारण साठीच्या उंबरठ्यावर ऐकू येतं; बाईला ते पहिलं मूल झालं की सुरू होतं. मेरीलाही तेव्हाच सुरू झालं होतं. २००७ मध्ये तिला जुळी मुलं झाली आणि लोकांनी तिची कारकीर्द लंगोटासारखी खुंटीला टांगून टाकली. २००८ मध्ये ती परत जागतिक विजेती झाली. २०१३ मध्ये तिसरा मुलगा झाला, पुन्हा तेच बोलणं. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्णपदक मिळवलं. आता बस, असं सांगणारे इतक्या वेळा तोंडघशी पडले होते की माझ्या मते त्यांचं म्हणणं ऐकायचीच गरज उरली नव्हती.

ताऊंनी यातही खोट काढली. ते म्हणाले, कोल्हा आला रे आला म्हणणारा दहा वेळा खोटा ठरला म्हणून अकराव्या वेळी कोल्हा येणारच नाही असं नाही. लोकांचं भाकीत दहा वेळा चुकलं यावरून मेरी मोठी आहे एवढंच सिद्ध होतं. तिच्या पायांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मणिपूरच्या मुलीला हा सगळा हिशेबच मान्य नव्हता. एकदा संध्याकाळी मेट्रोकडे चालताना ती मला म्हणाली, “दीदी, तुम्ही लोक तिच्या वयाबद्दल बोलता. मी दिल्लीत आले तेव्हा रस्त्यात पोरं मला काय काय हाका मारायची. घरमालक विचारायचा, तुम्ही भारतातल्याच ना? मी मेरीचं नाव घेतलं की तो गप्प बसायचा. ती हरली तर माझ्याकडचं ते नाव कमी होतं, इतकंच मला कळतं.” यावर मला काही सुचलं नाही. मी तिच्या मेरीत माझी परीक्षा बघत होते, निझामाबादचा मुलगा निखतमध्ये स्वतःची अडलेली बढती बघत होता. रिंगणात दोघीच उतरणार होत्या, पण आम्ही सगळे आपापलं ओझं आधीच आत नेऊन ठेवलं होतं.

ताऊ कोणत्या बाजूचे, हे मात्र कळत नव्हतं. एका दुपारी टपरीवर आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलंच. त्यांनी चष्मा काढला आणि डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. या डोळ्यानं त्यांना कडेचा उजेड तेवढा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. संघाला एक माणूस कमी पडत होता. वस्ताद म्हणाले, एवढी एक. मित्र म्हणाले, तू अजून चार पोरांना भारी आहेस. त्यांच्या जिंकण्याबद्दल बॅरेकीत पैजा लागल्या. “और मैं जीत गया था,” ताऊ म्हणाले. गुणांवर जिंकले. आठवडाभरानं डोळ्यापुढे काळा पडदा उतरायला लागला. पडदा सुटला होता, आणि तो बसवायला उशीर झाला होता.

“सगळे विचारत होते, जिंकेल का? बरोबर सांगत होते, जिंकेल. पण जिंकल्यावर काय, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “मेरी जिंकेल. फक्त मला बघवणार नाही.”

तेव्हापासून त्या वादातले प्रश्न मला वेगवेगळे दिसू लागले. ती जिंकेल का, हा एक प्रश्न. तिनं खेळावं का, हा दुसरा. आणि तिला न खेळता पाठवावं का, हा तिसरा. आम्ही तिन्ही एकाच ग्लासात ओतून ढवळत होतो. मेरी जिंकेल असं वाटणारा, म्हणून चाचणीच नको, असं म्हणून बसायचा. निखतला संधी मिळावी असं वाटणारा, म्हणून मेरी संपली, असं म्हणायचा. खरं तर निखतची मागणी मेरीचं वय झालं अशी नव्हतीच. तिचं म्हणणं एवढंच की ते रिंगणात ठरू द्या.

इथे मला कराडचा माणूस आठवला. मेरीनं सहावं जागतिक विजेतेपद २०१८ मध्ये दिल्लीत जिंकलं, अंतिम फेरीत युक्रेनच्या हाना ओखोटाला ५-० असं हरवून, ते ज्या सभागृहात, त्याचं नाव के. डी. जाधव इनडोअर हॉल. दिल्लीतल्या फार थोड्या लोकांना हे के. डी. कोण ते ठाऊक असतं. गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते. आमच्याकडे त्यांची गोष्ट पोरं शाळेआधी ऐकतात. ती अशी सांगतात की हेलसिंकीच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला म्हणून खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती नेमायला लावली आणि समोरच्याला चीत करून जागा मिळवली. परदेशी जायला पैसे नव्हते, ते गावानं आणि कोल्हापुरातल्या त्यांच्या प्राचार्यांनी उभे केले. ती पुन्हा नेमलेली कुस्ती झाली नसती तर त्या हॉलला आज दुसरंच नाव असतं.

ही गोष्ट मी टपरीवर सांगितली तेव्हा निझामाबादचा मुलगा मराठीत म्हणाला, “मग मॅडम, तुम्ही आमच्या पार्टीत.” मी म्हटलं, चाचणीच्या बाबतीत तुझ्या, निकालाच्या बाबतीत मेरीच्या. ताऊ हसले. त्यांना बहुधा हेच हवं होतं.

२८ डिसेंबर २०१९, शनिवार. दिल्लीत हाडं गोठवणारी थंडी होती. कार्यालयाला सुटी, त्यामुळे निकाल चौघांना चार घरी मोबाईलवर कळला. मेरी ९-१ अशी जिंकली होती. ताऊ म्हणाले होते तसंच: निखत आत शिरायला बघत होती, मेरीनं स्वच्छ ठोसे मारून गुण घेतले. लढत संपल्यावर निखत पुढे आली आणि मेरीनं तिच्याशी हात मिळवला नाही. तेलंगणाच्या काही मंडळींनी हॉलमध्ये आरडाओरडा केला. सोमवारी टपरीवर लढतीबद्दल कोणी बोललंच नाही, सगळं बोलणं हातावर. मणिपूरची मुलगी म्हणाली, इतके दिवस जिच्याबद्दल सगळ्या देशात उलटसुलट बोललं गेलं, तिनं लगेच हसून हात द्यावा ही अपेक्षा कशाला? निझामाबादचा म्हणाला, मोठेपणा दुसरा कशात असतो? मला दोघांचंही पटलं आणि हात न मिळवण्याचं वाईटही वाटलं. ताऊ एवढंच म्हणाले, “उसको भी पता है, कितनी देर और.” तिलाही माहीत आहे, अजून किती वेळ.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये अम्मानला मेरी ऑलिंपिकला पात्र ठरली आणि त्यानंतर करोनानं जग बंद पडलं. टोकियो वर्षभर पुढे गेलं. तरुण खेळाडूला एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मेरीच्या वयात एक वर्ष म्हणजे काय, याचा हिशेब कोणत्याही महासंघाकडे नव्हता. जुलै २०२१ मध्ये ती अडतीसाव्या वर्षी टोकियोत उतरली. पहिली लढत जिंकली. दुसरी कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाशी, जिला तिनं आधी हरवलं होतं. पहिली फेरी पाचांपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. पुढच्या दोन्ही फेऱ्या थोडक्यात मेरीच्या. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही बेरजेत ती ३-२ अशी हरली. हरलो हे तिला लगेच कळलंच नाही. तिनं हात वर केला होता. आणि या वेळी तिनं समोरचीला मिठी मारली. मी घरी टीव्हीसमोर होते. ताऊंना फोन केला. म्हणाले, “पहिल्या फेरीत पाय उशिरा जागे झाले. नंतर आले, पण पहिली फेरी परत मिळत नाही.”

जून २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या चाचणीत, दिल्लीतच, नीतू घंघासविरुद्ध ती पहिल्याच फेरीत पडली. गुडघा गेला होता. उठून पुन्हा उभी राहिली, पुन्हा पाय लटपटले, आणि लढत थांबवावी लागली. नीतू भिवानीची. ताऊंना त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. ते दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून होते. हौशी आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगमध्ये वयाची मर्यादा चाळीस. मेरीला ती कागदावर गाठण्याआधी गुडघ्यानं गाठलं. खाशाबांच्या बाबतीतही १९५६ च्या ऑलिंपिकआधी गुडघाच आडवा आला होता असं आमच्याकडे सांगतात. पाय आधी जातात.

त्याच्या महिनाभर आधी, मे २०२२ मध्ये, इस्तंबूलला निखत जागतिक विजेती झाली होती. २०२३ मध्ये ती पुन्हा झाली, दिल्लीत, त्याच के. डी. जाधव हॉलमध्ये. त्या रात्री निझामाबादच्या मुलानं, ज्याची एव्हाना हैदराबादला बदली झाली होती, मला तीन वेळा फोन केला. मेरीचं नाव त्यानंच काढलं. म्हणाला, “मॅडम, त्या दिवशी हरली नसती तर एवढी तयार झाली नसती.” मी त्याला आठवण करून दिली नाही की २०१९ मध्ये तो हे ऐकूनही घेत नव्हता.

२०२४ मध्ये पॅरिसला निखत लवकर हरली. चीनच्या वू यूनं तिला ५-० असं हरवलं. ती अठ्ठावीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी आमच्या नव्या सहकाऱ्यांत चर्चा चालली होती: दोनदा जागतिक विजेती झाली, ठीक आहे, पण पुढच्या ऑलिंपिकपर्यंत बत्तिशीची होईल, मागून मुली येतायत. मी गप्प डबा खात होते. इतक्यात हैदराबादहून फोन आला. “मॅडम, बत्तीस भी कोई उमर है क्या? मेरी कोम को देखो!”

मी त्याला ताऊंचा प्रश्न विचारला, जिंकल्यावर काय? तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “वो उनको पूछना पडेगा.” ते तिला विचारावं लागेल.